तिन्हीसांजेला जाणारं इंटरनेट : अंबाजोगाईतल्या एका घराचं फायबर आणि लँडलाइन

मामांच्या घरी लँडलाइन आली १९९६ साली, आणि ती येण्यामागे किल्लारीचा भूकंप आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जमीन हलली तेव्हा माझी मावशी औसा तालुक्यातल्या सासरी होती. ती सुखरूप आहे हे अंबाजोगाईत कळायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, तेही एका ट्रकवाल्याच्या हाती आलेल्या चिठ्ठीवरून. त्यानंतर मामांनी टेलिफोनसाठी अर्ज केला. ०२४४६ नं सुरू होणारा तो नंबर पुढे घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर छापला गेला. गॅसचं पुस्तक, बँक, शेताचा बटईदार, सगळ्यांकडे तोच. मावशीला आजही दुसरा कुठलाच नंबर पाठ नाही.

हे आधी सांगतोय, कारण पुढची सगळी खटपट त्या नंबरासाठी आहे. नुसतं इंटरनेट हवं असतं तर मोबाइलवर भागलं असतं.

मी लातूरला नेटवर्किंगची कामं करतो. यंदा मृग लागायच्या आधी मामांच्या घरी फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेच्या तंतूची तार, बसलं आणि तिथून तीन आठवडे मी फोनवर आणि एसटीनं ये-जा करत एकेक बिघाड सोडवत गेलो. त्यातले बहुतेक बिघाड कुठल्याही घरात होऊ शकतात, म्हणून क्रमानं लिहून ठेवतोय.

घर आणि जुन्या तारा

घर योगेश्वरीच्या देवळाकडे जाणाऱ्या जुन्या गल्लीत. दगड-मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, वर माळवद, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. फोनची तांब्याची जोडी खांबावरून येऊन ओसरीतल्या रोझेटमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीत, उतरायची. गेली दोन-तीन वर्षं पाऊस पडला की तिच्यात खरखर, मग आठ-आठ दिवस मुकी. शेवटी कंपनीनं कळवलं की तांब्याची लाइन आता दुरुस्त होणार नाही. फायबर घ्या, नंबर तोच राहील. गल्लीत फायबर ओढण्याचं काम केबलवाल्याकडे.

मामांचा पहिला प्रश्न होता, "अरे बाबा, टीव्हीची केबल घरात हायेच की. तिच्यातूनच दे ना."

प्रश्न रास्त होता. टीव्हीच्या जाड गोल तारेतून, म्हणजे कोअ‍ॅक्सिअल केबलमधून, इंटरनेट आणि फोन दोन्ही देता येतात. केबल मोडेम त्यासाठीच असतो आणि त्याचं डॉक्सिस नावाचं पहिलं प्रमाण १९९७ सालचं आहे. पण त्यासाठी तार दोन्ही दिशांनी बोलणारी हवी. टीव्हीला फक्त घेणं ठाऊक. मोडेमला घरातून परतही पाठवावं लागतं, आणि ते खालच्या, साधारण ५ ते ६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. वाटेतले सिग्नल वाढवणारे डबे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, एकेरी असले तर परतीचा सिग्नल पहिल्याच डब्यात अडकतो. मामांच्या गल्लीतले एकेरीच होते. ज्यांच्याकडे दुहेरी जाळं आणि केबल मोडेम आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावं: टीव्हीसाठी लावलेला दोन फाट्यांचा प्रत्येक स्प्लिटर मोडेमचा सिग्नल साडेतीन डेसिबलनं, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्तच, खातो. खांबावरून आलेल्या तारेवर पहिलाच फाटा मोडेमला द्यावा, टीव्ही त्यानंतर.

आमच्याकडे फायबर ठरलं. घरात बसणाऱ्या डब्याचं खरं नाव ओएनटी, पण केबलवाल्यापासून मामींपर्यंत सगळे त्याला मोडेमच म्हणतात, मीही म्हणतो.

पहिला दिवस

केबलवाल्याची दोन पोरं सकाळी आली. खांबावरच्या डब्यातून काळी तार ओढली, ओसरीच्या खिडकीच्या चौकटीतून आत घेतली, टोकाला कनेक्टर बसवला, मोडेम लावला. मोडेमच्या तळाशी अनुक्रमांक असतो. तो कंपनीच्या केंद्रातल्या यंत्रात नोंदवला की मोडेमची ओळख पटते आणि ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर होतो. मग युजर आयडी आणि पासवर्ड भरला, मोबाइलवर स्पीड तपासून दाखवला, पैसे घेतले आणि गेली. सगळं मिळून सव्वा तास.

फोनचं विचारलं तर म्हणाली, "तो आपोआप चालू होईल, काका."

माझं या क्षेत्रातलं सगळ्यात ठाम मत इथेच सांगतो. घरात फोनही असेल तर स्पीड दाखवून काम संपत नाही. बाहेरून एक फोन आत आला पाहिजे, आतून एक बाहेर गेला पाहिजे, आणि मग घराचा मेन स्विच पाडून हेच पुन्हा करून पाहिलं पाहिजे. या तीन गोष्टी होईपर्यंत पोरांना चहा पाजावा, पण जाऊ देऊ नये. मी त्या दिवशी लातूरला होतो, म्हणून हे झालं नाही.

दिवे लावायच्या वेळी

दोन दिवसांनी मामांचा मोबाइलवरून फोन. "दिवसभर झकास चालतंय. दिवे लावायच्या टायमाला जातंय ते सकाळपर्यंत येईना."

केबलवाल्याचं म्हणणं, संध्याकाळी सगळी गल्ली नेट वापरते, लोड येतो. हे उत्तर ऐकायला पटतं, आणि म्हणूनच त्यावर विश्वास ठेवू नये. मी मामांना एवढंच विचारलं की नेट गेल्यावर कुठला दिवा कसा दिसतो. म्हणाले, एक लाल झालाय, त्यावर ‘एलओएस’ लिहिलंय.

त्या एका दिव्यानं लोडची गोष्ट संपली. लोडनं नेट संथ होतं. लाल दिवा लागत नाही. लाल एलओएस म्हणजे मोडेमपर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. वाटेत कुठेतरी तार तुटते, वाकते किंवा सुटते, आणि हे रोज संध्याकाळी घडतं. मग संध्याकाळी त्या वाटेवर बदलतं काय?

शनिवारी एसटीनं गेलो. मोडेमचं पान उघडलं, त्यांच्या मोडेमवर ते १९२.१६८.१.१ या पत्त्यावर होतं. त्यात येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो. शून्याकडे जाईल तितका उजेड जास्त. या प्रकारच्या मोडेमला उणे ८ ते उणे २७ मधला प्रकाश चालतो. ३ डेसिबल कमी म्हणजे प्रकाश निम्मा. दुपारी तीन वाजता आकडा होता उणे २४.९. म्हणजे चालू, पण काठावर.

किती असायला हवा होता, याचाही हिशेब मांडता येतो. केंद्रातून प्रकाश निघतो साधारण अधिक ३ नं. वाटेत एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणारे आठ-आठ फाट्यांचे दोन विभाजक, प्रत्येकी साडेदहा डेसिबल. केंद्र तीनेक किलोमीटरवर, तारेचं नुकसान १ डेसिबल. जोड आणि कनेक्टरांचे दीड धरा. अपेक्षित आकडा उणे साडेवीसच्या आसपास. म्हणजे चार डेसिबल भर दिवसासुद्धा कुठेतरी गळत होते.

मग मी काहीच केलं नाही. ओसरीत बसून राहिलो, दर दहा मिनिटांनी पान ताजं करत. पावणेसात झाले. मामींनी देवापाशी दिवा लावला, बाहेर येऊन तुळशीला हात जोडले आणि ओसरीची खिडकी लावली. आकडा उणे २८.३ वर गेला आणि दिवा लाल झाला.

"मामी, खिडकी उघडा बरं जरा."

"अरे, मच्छर किती येतेत!"

उघडली. अर्ध्या मिनिटात दिवा हिरवा.

पोरांनी तार चौकटीतल्या फटीतून आत घेतली होती, नेमकी बिजागरीच्या बाजूनं. झडप मिटली की तार तिथे काटकोनात दुमडायची. काचेच्या तंतूत प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. वाक फार तीव्र झाला की तो कडेनं बाहेर निसटतो. तार तुटलेली नसते, म्हणून झडप उघडली की सगळं सुरळीत, आणि म्हणूनच बिघाड सापडत नाही. मामी तिन्हीसांजेला खिडकी लावणार, सकाळी सडा घालताना उघडणार. नेटचं वेळापत्रक त्यावर चाललं होतं.

पण माझ्या डोक्यात दिवसाचे चार डेसिबल राहिले होते. खिडकीनं नुकसान साडेतीनच्या आसपास केलं. दिवसाचा आकडा उणे २१ असता तर खिडकी लावूनही मोडेम तग धरून राहिला असता. शोध कनेक्टरपाशी संपला. मोडेमचं भोक हिरवं होतं आणि तारेचं टोक निळं. हिरव्या कनेक्टरचं तोंड ८ अंश तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट. तिरपं आणि सपाट समोरासमोर आलं की मध्ये हवेची फट राहते आणि प्रकाश तिथे सांडतो. दोन्ही एकमेकांत ‘टक्’ आवाज करून बसतात, त्यामुळे हाताला चूक कळत नाही. रंग बघावा लागतो.

सोमवारी पोरांना बोलावलं. दुमडलेला तुकडा कापून टाकला, हिरवा कनेक्टर लावला. दोन फुटी भिंत फोडायला लांब ड्रिल लागलं असतं, म्हणून सागवानी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, झडप पोचत नाही तिथे, १० मिलिमीटरचं भोक पाडलं; बाहेरच्या बाजूला उतार देऊन. बाहेर तारेला खाली एक झोका ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून घरात न येता झोक्याच्या तळाशी ठिबकून जातं. आकडा आला उणे २०.९. खिडकी उघडी असो वा बंद. पहिल्या दिवशीच्या तुलनेत, खिडकी लावलेल्या अवस्थेत, आता पाचपटीहून जास्त उजेड आत येत होता.

इंटरनेट आहे, फोन नाही

मामांनी रिसीव्हर उचलला. आत शांतता.

तांब्याच्या काळात तार आली की फोन आला, एवढं सोपं होतं. आता फोन हा मोडेमच्या आतला वेगळा गडी आहे. त्याला स्वतःचं खातं असतं, तो कंपनीच्या फोन-सर्व्हरकडे स्वतःची स्वतंत्र हजेरी लावतो, आणि ती लागली तरच मोडेमच्या फोन-सॉकेटवर डायल टोन येतो. इंटरनेटची हजेरी लागली म्हणून फोनची लागेलच असं नाही. केबल मोडेमवरही हेच आहे: त्यातल्या टेलिफोनच्या भागाला स्वतःचा वेगळा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा ओळख-क्रमांक, असतो आणि त्याची नोंद वेगळी करावी लागते. म्हणून तक्रार करताना ‘नेट चालू आहे पण फोनचा दिवा बंद आहे’ असं स्पष्ट सांगावं. नुसतं ‘फोन बंद’ म्हटलं की ते पुन्हा तारच तपासायला माणूस पाठवतात. आमच्याकडे दोनदा आला.

तिसऱ्या तक्रारीनंतर खातं चढवलं गेलं, डायल टोन आला. मामांचे डोळे चमकले. नंबर फिरवला, आणि टोन चालूच. बटण दाबलं की रिसीव्हरमध्ये कट-कट-कट आवाज, पण फोन लागेना.

हा बिघाड सापडायला मला पाच मिनिटं लागली, पण ज्याला ठाऊक नाही तो मोडेम बदलून घेईल. मामांचं यंत्र जुनं; त्याच्या तळाशी टी आणि पी असं एक बारीक बटण होतं, आणि ते पी वर होतं. पी म्हणजे पल्स: जुन्या गोल तबकडीसारखे ठोके मोजून नंबर कळवणं. कित्येक मोडेमना ते ठोके समजत नाहीत. त्यांना टी, म्हणजे प्रत्येक आकड्याचा सूर लागतो. बटण सरकवलं. मामांनी शून्य लावून माझा मोबाइल फिरवला (१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावंच लागतं) आणि माझ्या खिशात फोन वाजला.

मग उलट दिशा. मी अंगणात जाऊन ०२४४६ चा नंबर लावला. मला कानात रिंग ऐकू येत होती. घरात यंत्र गप्प. मावशीनंही तेच सांगितलं होतं: "वाजतोय पण कुणी उचलंना." ती दोन रात्री नीट झोपली नव्हती.

कारण असं की बाहेर जाणारा फोन नव्या खात्यातून निघत होता, पण येणाऱ्या फोनला कंपनीच्या आत अजून जुन्या एक्स्चेंजची वाट दाखवलेली होती. तिथे तो मेलेल्या तांब्याच्या लाइनवर रिंग देत बसायचा. हे ग्राहकाला घरात बसून दुरुस्त करता येत नाही. नंबर जुन्या यंत्रातून काढून नव्याकडे वळवण्याचं काम कंपनीचं. आपण फक्त नेमकं सांगू शकतो: जाणारा फोन चालतो, येणाऱ्याला रिंग ऐकू येते पण घरात वाजत नाही. एवढं वाक्य लिहून दिल्यावर दोन दिवसांत काम झालं.

मधल्या वेळात एक धोक्याचं काम उरकलं. मामींना स्वयंपाकघरातलं दुसरं यंत्र चालू हवं होतं. घरातली जुनी फोनची वायरिंग चांगली होती. मोडेमच्या फोन-सॉकेटमधून एक दोरी रोझेटमध्ये दिली की दोन्ही यंत्रं वाजतात. पण त्याआधी खांबावरून येणारी जुनी तांब्याची जोडी रोझेटमधून सोडवायलाच हवी. एक्स्चेंजकडून त्या जोडीवर ४८ व्होल्ट येतात, रिंगच्या वेळी त्याहून बरेच जास्त. ती अजून जिवंत असली आणि दुसऱ्या बाजूनं मोडेम जोडला तर मोडेमचं फोन-सॉकेट जळू शकतं. शिवाय वैशाखातली वीज त्याच तारेवरून घरात येते. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, हा फायबरचा मोठा गुण. तांब्याची तार जोडलेली ठेवून तो वाया घालवू नये. मी जोडी सोडवून टोकं टेपनं बांधली.

वायफायबद्दल थोडकंच. दोन फुटी दगडी भिंतीपलीकडे पाच गिगाहर्ट्झचं वायफाय जवळजवळ पोचत नाही. वरच्या खोलीसाठी नेटवर्कची तार ओढून दुसरा राउटर लावला, आणि तेवढ्यावर तो विषय संपला.

लाईट गेल्यावर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वळवासारखा पाऊस आला, लाईट गेली, आणि मामांना पहिल्यांदा कळलं की फोनही गेला.

"म्हणजे लाईट गेली की फोन बी जाणार? मग जुनाच बरा होता की."

मला यावर पटकन बोलता आलं नाही, कारण त्यांचं खरं होतं. तांब्याच्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून त्याच तारेनं यायची. गाव अंधारात असलं तरी फोन जिवंत. फायबरमधून फक्त प्रकाश येतो. फोनला लागणारी वीज घरातूनच द्यावी लागते. मामींचं हृदयाचं औषध चालू आहे, आणि अंधारात, पावसात, रात्री फोन लागणं हीच त्या नंबराची खरी गरज. फायबर बसवताना हे ग्राहकाला आधी सांगितलं जात नाही, याचा मला मनापासून राग येतो.

एक गोष्ट आपल्या बाजूची होती. केंद्रापासून घरापर्यंतचे विभाजक विजेशिवाय चालतात, मध्ये खांबावर कुठलंही विजेचं यंत्र नाही. केंद्रात बॅटरी-जनरेटर असेल तर आपल्याला फक्त मोडेम जिवंत ठेवायचा आहे. मोडेम १२ व्होल्टचा. मोजला तर ७ वॉट खात होता. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा लिथियम यूपीएस मिळतो. खोक्यावर ८८०० एमएएच लिहिलं होतं, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. गुणाकार केला की साडेबत्तीस वॉट-तास, वाटेतली घट वजा जाता २७ च्या आसपास. म्हणजे कागदावर पावणेचार तास. मेन स्विच पाडून घड्याळ लावलं, तेव्हा ३ तास २० मिनिटं चालला. घेण्याआधी मोडेमच्या अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्टेज आणि पिनची जाडी बघावी. नऊ व्होल्टच्या टोकाला बारा व्होल्टचा मोडेम लावून चालत नाही.

घरात इन्व्हर्टरही आहे, पण तो फक्त पंखे आणि दिव्यांना जोडलेला. ओसरीतला सॉकेट त्याच्या लाइनवर घेतला. एकट्या इन्व्हर्टरवर भागलं नसतं: लाईट जाताना त्याला पलटायला क्षणभर लागतो, तेवढ्यात मोडेम बंद पडून नव्यानं सुरू होतो, आणि फोनची हजेरी पुन्हा लागेपर्यंत तीन मिनिटं जातात. आता भिंतीतून इन्व्हर्टरची वीज छोट्या यूपीएसला, त्यातून मोडेमला. पलटण्याचा क्षण छोटा यूपीएस सांभाळतो, लांबचा पल्ला इन्व्हर्टर.

शेवटची चाचणी मी लातूरहून घेतली. रात्री साडेनऊला मामांना मोबाइलवर सांगितलं, मेन स्विच पाडा. मग मावशीला सांगितलं, लावा फोन. खिडकी लावलेली होती. दुसऱ्या रिंगला मामींनी उचलला, आणि पुढची चाळीस मिनिटं तो नंबर व्यस्त लागत होता.